आशाताईंना पुन्हा वर्गात बसवण्याआधी या चुका तपासा

गावात बाळ दगावतं. आशाताईंच्या फॉर्मवर मात्र नवजात बाळाच्या सगळ्या घरभेटी पूर्ण असतात आणि धोक्याची प्रत्येक खूण ‘नाही’च्या रकान्यात. तालुक्याच्या मासिक सभेत यावर एक ठरलेला उपाय निघतो, रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा वर्ग घ्या. मग तोच प्रोजेक्टर, तेच पोस्टर, तेच चहा-पोहे. पुढच्या महिन्याचा फॉर्म पुन्हा तसाच भरून येतो.

आशाताईंवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका), समुदाय आरोग्य अधिकारी किंवा एखाद्या संस्थेतून विदर्भात नव्याने आलेली मुलंमुली, सगळ्यांना सांगणं एकच आहे. ‘तिला येत नाही’ हे निदान सगळ्यात शेवटी करा. आधी शेजारी बसून तेच काम तिला करायला सांगा. तुमच्यासमोर तिने ते नीट केलं, तर शिकण्यात अडचण नाही. अडचण तिच्या पिशवीत असेल, वेळेत असेल, रस्त्यात असेल किंवा आपणच दिलेल्या फॉर्ममध्ये असेल. वर्ग भरवून त्यातलं काही सुटत नाही.

गडचिरोलीची अर्धीच गोष्ट लक्षात ठेवणं

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली हे छापून आलं, आणि २०११पासून हीच पद्धत एचबीएनसी (नवजात बाळाची घरी जाऊन काळजी) म्हणून देशभरच्या आशाताईंकडे आली. प्रशिक्षणाच्या उद्घाटनाला हा आकडा हमखास सांगितला जातो. त्या बायकांच्या हातात औषधं आणि चालू साहित्य होतं, आणि त्यांच्या नोंदी गावात जाऊन पडताळल्या जात होत्या, हे मात्र राहून जातं. आपण त्यातला फक्त वर्ग उचलला, कारण वर्ग भरवणं सगळ्यात सोपं.

श्वास मोजणं पोस्टरवर शिकवणं

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असतील तर तो धोका, हे पाठ सगळ्यांना असतं. मोजता फार थोड्यांना येतं. दोष त्यांचा नाही, आपण मोजायला शिकवलेलंच नसतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. ते चारदोन सेकंद थांबतं, मग भरभर घेतं. पंधरा सेकंदांत एक श्वास चुकला तर हिशेबात चार चुकतात, आणि ५६ की ६० यावरच तर बाळ न्यायचं की नाही ते ठरतं. म्हणून पूर्ण एक मिनिट मोजायचं, अंगावरचं कापड वर करून, बाळ शांत असताना. रडणाऱ्या बाळाचा आकडा धरायचा नाही. ६० किंवा वर आला तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट. दुसऱ्यांदाही तसाच आला तर तो खरा मानायचा.

शिकवायची रीत अशी: लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात आईच्या मांडीवर निजलेलं एक बाळ बघा. दोन आशाताईंनी एकाच मिनिटात मोजायचं आणि आकडा न बोलता कागदावर लिहायचा. तिसरा आकडा तुमचा. तिन्ही जवळपास येईपर्यंत हे चालू ठेवा. एका सकाळी यातून जेवढं होतं तेवढं दोन दिवसांच्या व्याख्यानातून होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

समोर बरोबर मोजते आणि तरी फॉर्मवर प्रत्येक बाळाचा श्वास ४० असेल, तर कशाने मोजते ते विचारा. “मॅडम, घडीच बंद आहे जी,” हे उत्तर मिळू शकतं. सेलची किंमत किती, आणि वर्गावर खर्च किती!

आकड्यांकडे न बघता फॉर्मवर सही करणं

गटप्रवर्तकांनी वजनाचा रकाना वरून खालपर्यंत एकदा वाचून काढावा. ओळीने २.५, २.५, ३, २.५ दिसलं तर थांबा. खरी वजनं इतकी गोल नसतात. आणि अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरलं जात असल्यामुळे नेमकं २.५ लिहिलं की ते जास्तीच्या देखरेखीतून निसटतं.

याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतं. काटा टांगायला घरात जागा नसते, झोळीचं वजन वजा करायचं राहतं, काटा शून्यावर आणलेला नसतो, किंवा डोळ्यांच्या पातळीत न धरता वरून वाचला जातो. सासू म्हणते, लेकराला टांगू नका. मग आशाताई दवाखान्याच्या कार्डावरचा आकडा उतरवतात. त्या घरात एकदा त्यांच्यासोबत जा. तुम्ही आजीशी बोला, काटा त्यांनाच टांगू द्या.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची सातवी. सगळ्या भेटी एकाच पेनाने, एकाच हाताच्या ओघात लिहिलेल्या दिसल्या तर फॉर्म बहुधा एकाच बैठकीत भरलाय. रागावण्याआधी आपली व्यवस्था बघा. मोबदला फॉर्मवर मिळतो, भेटीची खातरजमा कोणी करत नाही. आईलाच विचारा, “ताईंनी बाळाच्या काखेत काही लावलं होतं का? कधी?” महिन्यातून दोनचार घरी असं विचारलं जातं हे कळलं, की फॉर्म आपोआप सुधारतात.

थर्मामीटर आणि विदर्भाचं हवामान

बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट असावं. डिजिटल थर्मामीटरचं बटण दाबून राहिलं की काही मॉडेलमध्ये एकक बदलतं आणि मग फॉर्मवर ‘३६’ येतो. असा आकडा दिसला की आधी यंत्र हातात घ्या.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत बाळ तरीही दुपट्यात गच्च गुंडाळलेलं असतं. ते गरम लागलं तर कपडे सैल करून, सावलीत घेऊन थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं. पण बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल असेल तर वाट बघत बसायचं नाही, लगेच न्यायचं. हिवाळ्यात गोंदिया-नागपूरकडे पहाटेची थंडी १० अंशांच्या आसपास उतरते. तिथे जन्मल्याबरोबर आंघोळ घालणं हाच खरा शत्रू. वर्गात हे दोन्ही ऋतू वेगवेगळे शिकवा. प्रशिक्षणाचं पुस्तक सगळ्या देशासाठी एकच आहे, त्याला आपला मे महिना माहीत नाही.

मलेरियाची पट्टी स्कूटीच्या डिकीत

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तापाचा पेशंट आला की आशाताई बोटातलं रक्त घेऊन पट्टीवर तपासतात. निकाल चुकत असतील तर असं बघत जा:

पट्टी कुठे ठेवली होती? पाकिटावर जास्तीत जास्त तापमान लिहिलेलं असतं. उन्हाळ्यातली डिकी आणि पत्र्याचं घर ते सहज ओलांडतात. माठाशेजारची जागा बरी, पण ओल नको.

स्पिरिट वाळू दिलं का? ओल्या बोटाला टोचलं की रक्तात स्पिरिट मिसळतं.

द्रावणाचे थेंब किती? कंपनी बदलली की थेंबांची संख्या आणि वाचायची वेळही बदलू शकते. नवं खोकं आलं की आतला कागद सगळ्यांनी मिळून वाचायचा. ठरल्या वेळेनंतर उमटलेली पुसट रेघ धरायची नाही, आणि पट्टी नीट चालल्याची खूण असलेली कंट्रोलची रेघ आलीच नाही तर ती पट्टी बाद.

पट्टी निगेटिव्ह आणि ताप मात्र उतरत नाही, अशा वेळी काय करायचं हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं. रक्ताचा काचपट्टीवरचा नमुना पाठवायचा आणि पेशंटलाही पुढे पाठवायचं. गोळ्यांचंही तसंच. व्हायव्हॅक्स प्रकारच्या मलेरियात प्रायमाक्विन हे औषध १४ दिवस घ्यायचं असतं, पण ताप दोन दिवसांत उतरतो आणि उरलेल्या गोळ्या आढ्याला खोचल्या जातात. गरोदर बाई आणि वर्षाच्या आतलं बाळ यांना प्रायमाक्विन द्यायचं नाही, हे मात्र दरवेळी पुन्हा विचारून घ्या.

जुलाबातल्या झिंकची गतही हीच. जुलाब थांबले तरी १४ दिवस, हे आईला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. आणि ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात म्हणजे त्या घरातल्या कोणत्या भांड्यात, ते तिथेच मोजून दाखवायचं.

रोवणीत वर्ग ठेवणं

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, मेमध्ये तेंदूपत्ता, मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुलं. यवतमाळ-अमरावतीकडे दिवाळीच्या पुढेमागे कापसाची वेचणी. या दिवसांत बाईची मजुरी बुडवून तिला तालुक्याला बोलावलं तर ती येते, पण मन शेतात असतं. आपल्याकडे निधी ‘मार्च एंड’ला संपवायचा असतो म्हणून नेमके मोहाच्या दिवसांत वर्ग भरतात. निदान परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ तरी वेळापत्रकात धरा. तान्हं बाळ असलेल्या ताईसोबत आई किंवा सासू येणार, तिच्या जेवणाची सोय आधीच करा.

मराठीत विचारून “समजलं” ऐकणं

भामरागड-एटापल्लीत माडिया, धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, झरी-केळापूरच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामी. वर्ग मराठीत चालतो, माना डोलतात. पण गावातल्या आईशी बोलायचं असतं वेगळ्याच भाषेत. सराव त्याच भाषेत करून घ्या. एक ताई आई होईल, दुसरी समजावेल, तिसरी चूक काढेल. तुम्हाला भाषा येत नसेल तर गप्प बसून बघा. तिसरीला बरोबर कळतं.

आशाताईंना भूमकाशी भांडायला लावणं

मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की भूमका, म्हणजे गावातला पारंपरिक वैदू, तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतो, त्याला डंभा म्हणतात. वर्गात शिकवलं जातं, ‘डंभा देऊ देऊ नका’. बरोबर आहे, पण अर्धवट आहे. पोट फुगणं हे बाळाच्या अंगात जंतुसंसर्ग पसरल्याचंही लक्षण असू शकतं. घरच्यांनी आजार ओळखलेला असतो, उपाय चुकतो. नुसतं ‘नको’ म्हटलं तर त्यांच्या हातात फुगलेलं बाळ उरतं आणि आशाताईंकडे त्यावर उत्तर नसतं. ‘पोट फुगलं की आधी मला बोलवा, मी गाडी बोलावते आणि सोबत येते’ हे वाक्य पहिल्याच भेटीत सांगायला शिकवा.

भूमकाला सोबत घेता आलं तर उत्तम. आशाताईंना त्याच गावात राहायचंय, त्यांच्या लेकीबाळींची लग्नं तिथेच व्हायचीत. जाहीर भांडण त्यांच्या गळ्यात बांधून आपण संध्याकाळी जीपमधून परत येतो, हे बरं नाही.

पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय, ते न कळवणं

रात्री बाराला पेशंट घेऊन गेलेल्या आशाताईंना “इतक्यात कशाला आणलं?” असं ऐकावं लागलं, तर पुढच्या वेळी त्या सकाळपर्यंत थांबतील. हे रिफ्रेशरने सुटत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आपल्या माणसांशी बोलावं लागतं. रेफरलच्या चिठ्ठीची खालची अर्धी बाजू भरून आशाताईंकडे परत पाठवावी: काय निघालं, काय दिलं, घरी काय बघायचं. नेलेलं बाळ ठणठणीत निघालं तरी आणलं ते बरोबरच केलं, हे त्यावर लिहायला विसरू नये.

गाडीचं आधीच ठरवून ठेवा. १०२ आणि १०८ पाठ असतात, रेंज नसते. गावात फोन कुठल्या टेकाडावर लागतो आणि रात्री कोणाची गाडी निघू शकते, ही दोन उत्तरं प्रत्येक आशाताईंच्या वहीच्या पहिल्या पानावर हवीत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा कोणतीच गाडी कामाची नसते. तिकडे जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या बायकांची यादी मे महिन्यातच गटप्रवर्तकांकडे पोचली पाहिजे, म्हणजे त्यांना वेळेत आरोग्य केंद्राच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी येऊन राहायच्या जागेत, आणता येतं. घरची लहान लेकरं कोण सांभाळणार आणि सोबतच्या माणसाची रोजी कशी भागणार, हे त्याच यादीत नावापुढे लिहून घ्या. बाई यायला नकार देते ती बहुधा याच दोन कारणांनी.