बक कन्व्हर्टर बनवताय? आधी वायर आखूड करा, कोडचं नंतर बघू

निफाडकडे माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे, तिथल्या शेडवर ७२ सेलचं सोलर पॅनल होतं आणि खाली लाइटसाठी १२ व्होल्टची मोठी बॅटरी, मग ३६ व्होल्टचे बॅटरी चार्जिंगसाठी लागणारे १४.४ करायला मी सिंक्रोनस बक कन्व्हर्टर बनवायला घेतला, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट, ज्यात वरचा आणि खालचा असे दोन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आळीपाळीने चालू-बंद होतात. पहिल्याच आठवड्यात तीन मॉसफेट उडाले आणि तिन्ही वेळा मी कोडमध्येच चूक शोधत बसलो. पहिल्या दोन वेळा कोड बरोबर होता, वायरिंग चुकलं होतं; तिसऱ्याचं शेवटी सांगतो. नाशिकमध्ये डिप्लोमा-डिग्रीचे प्रोजेक्ट करणारी बरीच मुलं याच जागी अडकतात म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कॉइल. फ्रिक्वेन्सी १०० किलोहर्ट्झ धरा, आउटपुट १० अँपिअर. ड्यूटी, म्हणजे वरचा मॉसफेट किती वेळ चालू राहतो त्याचं प्रमाण, १४.४ भागिले ३६, म्हणजे ०.४. रिपल (कॉइलमधल्या करंटचा चढ-उतार) ३ अँपिअर चालेल असं धरलं तर ३६ वजा १४.४ म्हणजे २१.६, गुणिले ०.४, भागिले (१ लाख गुणिले ३), उत्तर येतं साधारण २९ मायक्रोहेन्री, तुम्ही ३३ ची घ्या. पण सॅच्युरेशन करंट १५ अँपिअरच्या वरच हवा, कारण कोअर (कॉइलचा चुंबकीय गाभा) सॅच्युरेट झाला, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासा झाला, की करंट एकदम वर जातो आणि कॉइलचं काही बिघडत नाही, मॉसफेट जातो.

आता मॉसफेट. मी आयआरएफझेड४४एन लावला होता, सगळीकडे मिळतो म्हणून. तो ५५ व्होल्टचा. पॅनलचं ओपन सर्किट (काहीही न जोडता मिळणारं) व्होल्टेज ४५, पण ते २५ अंशांना, आणि थंडी वाढली की पॅनलचं व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण ०.३ टक्का. निफाडला जानेवारीत पहाटे पारा ५ अंशांवर येतो तेव्हा तेच ४५ चे जवळपास ४८ होतात. त्यावर स्पाइक, म्हणजे व्होल्टेजचा क्षणिक झटका, आला की संपलं.

स्पाइक कुठून येतो हे नीट समजून घ्या, सगळा खेळ इथेच आहे. इनपुट कपॅसिटर, वरचा मॉसफेट, खालचा मॉसफेट आणि परत कपॅसिटर, या लूपमध्ये करंट क्षणात चालू-बंद होतो. साध्या वायरचं इंडक्टन्स ढोबळमानाने सेंटीमीटरला १० नॅनोहेन्री. माझा लूप ५ सेंटीमीटरचा होता, म्हणजे ५० नॅनोहेन्री. १० अँपिअर २० नॅनोसेकंदात तुटला तर २५ व्होल्टचा स्पाइक, ४८ मध्ये २५ मिळवा, झाले ७३! आता गॅनचे (गॅलियम नायट्राइडचे) ट्रान्झिस्टर आलेत, मोबाईलच्या बऱ्याच छोट्या चार्जरमध्ये तेच असतात, टेस्लाच्या मॉडेल ३ च्या इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉन कार्बाइड आहे, सगळ्यांना तेच वापरायचंय, आणि वापरावंच, पण गॅन तोच करंट ५ नॅनोसेकंदात तोडतो, मग त्याच वायरवर १०० व्होल्ट उभे राहतात. म्हणजे पार्ट जितका नवा तितकी वायर आखूड लागते. १०० व्होल्टचा मॉसफेट घ्या आणि १०० व्होल्ट रेटिंगचे दोन-तीन सिरॅमिक कपॅसिटर दोन्ही मॉसफेटच्या पायांना अगदी चिकटवून सोल्डर करा. ब्रेडबोर्डवर हे सर्किट करूच नका.

स्कोप (ऑसिलोस्कोप) लावताना प्रोबची ती लांब काळी ग्राउंड क्लिप काढून ठेवा, तिच्यामुळे खोटं रिंगिंग दिसतं. टोकाला छोटी स्प्रिंग लावून मोजा.

ड्रायव्हरला, म्हणजे मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या चिपला, आयआर२१०४ पुरतो, त्यात ५२० नॅनोसेकंदांचा डेड टाइम (दोन्ही मॉसफेट बंद राहतात तो वेळ) आतच आहे, त्यामुळे वरचा-खालचा मॉसफेट एकदम चालू होऊन शॉर्ट होत नाही. फक्त ड्यूटी १०० टक्के नेऊ नका, वरचा मॉसफेट चालू करायला व्होल्टेज पुरवणारा बूटस्ट्रॅप कपॅसिटर चार्ज व्हायला खालचा मॉसफेट मधून मधून चालू व्हावा लागतो.

मग कंट्रोल. अर्डुइनो उनोचं क्लॉक १६ मेगाहर्ट्झ, १०० किलोहर्ट्झला ड्यूटीच्या फक्त १६० पायऱ्या मिळतात, म्हणजे एका पायरीला आउटपुट ०.२२ व्होल्टने हलतं. तुमचा एडीसी (व्होल्टेज मोजून आकड्यात देणारा भाग) मात्र २० मिलीव्होल्टचा फरक बघतो, मग कंट्रोलरला नेमकं १४.४ कधीच सापडत नाही आणि तो कायम वर-खाली करत राहतो, आपल्याला वाटतं ट्यूनिंग चुकलं. ७२ मेगाहर्ट्झचा एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर घ्या, ७२० पायऱ्या मिळतात, पायरी ५० मिलीव्होल्टवर येते, आणि एडीसीची पायरी पीडब्ल्यूएमच्या (म्हणजे ड्यूटीच्या) पायरीपेक्षा मोठी राहील असं फर्मवेअरमध्ये राउंड करा.

ट्यूनिंग बॅटरीवर करायचं नाही. आउटपुट १२ व्होल्टला सेट करा, गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावा, सप्लायला करंट लिमिट ठेवा. आउटपुटला ४७० मायक्रोफॅरड असेल तर ३३ मायक्रोहेन्रीबरोबर त्याचा रेझोनन्स १.३ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, म्हणून नुसता पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) कंट्रोल लूप १००-१५० हर्ट्झच्या वर नेऊ नका. मग दुसरा बल्ब पहिल्याला पॅरलल जोडा. थंड फिलामेंट सुरुवातीला भरपूर करंट ओढतं, त्यामुळे ही टेस्ट फार कडक आहे. स्कोपवर एकच बुडी दिसून आउटपुट सावरलं तर ठीक, तीन-चार हेलकावे आले तर गेन अर्धा करा.

बॅटरी जोडायची वेळ आली की एक गोष्ट अजिबात विसरू नका, सिंक्रोनस बक उलटाही चालतो. सुरुवातीला ड्यूटी शून्य म्हणजे खालचा मॉसफेट सतत चालू, आणि बॅटरी कॉइलमधून सरळ शॉर्ट! माझा तिसरा मॉसफेट असाच गेला. म्हणून शटडाउन पिन वापरून ड्रायव्हर बंद धरून ठेवा, बॅटरीचं व्होल्टेज मोजा, ड्यूटी त्या हिशोबाने आधी सेट करा आणि मगच सोडा. पॅनलच्या बाजूला ब्लॉकिंग डायोड (उलटा करंट अडवणारा) आणि बॅटरीच्या प्लसवर १५ अँपिअरचा फ्यूज, हे दोन्ही हवेतच. १४.४ ला पोचल्यावर करंट उतरू द्या, मग फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच टिकवायचं व्होल्टेज, १३.६ ला.