फुलपाखरांची जुनी कार्डं: अस्सल की नक्कल, कसं ओळखावं

पूर्वी कंपन्या आपल्या मालाबरोबर छोटी चित्रं देत, ती ही कार्डं; आता त्यांच्या नकलाही विकल्या जातात. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग आणि नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च घ्या. कार्ड कडेनं धरा.

आधी काळ ठरवा. लीबिग या मांसाचा अर्क विकणाऱ्या कंपनीची एकोणिसाव्या शतकातली कार्डं साधारण ७ बाय ११ सेंटिमीटर, संच बहुधा ६ चा. विल्सची 'ब्रिटिश बटरफ्लाइज' सिगारेटच्या पाकिटातली, १९२७ ची, संच ५० चा. ब्रुक बाँडची फुलपाखरं १९६३-६४ मध्ये चहाबरोबर आली. तिन्हींना एकच कसोटी लावू नका.

आता भिंग. "ठिपके दिसले की नक्कल" हा सल्ला सरसकट ऐकायला मिळतो आणि तो चूक आहे. एकोणिसाव्या शतकातल्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईतही ठिपके असतातच. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि त्यावर कारागीर हातानं टिंबं देई. रविवर्मा प्रेसची जुनी तसबीर घरात असेल तर भिंगाची सवय तिच्यावरच करा, तंत्र तेच आहे.

पीकॉक फुलपाखराच्या पंखावरचा डोळा बघा. जुन्या शिळाछापात टिंबं लहानमोठी, कुठे दाट, कुठे विरळ. निळा रंग काळ्या रेषेबाहेर केसभर सरकलेला. हल्लीच्या ऑफसेट छपाईत तीच टिंबं ठिपक्यांच्या रांगोळीसारखी शिस्तीत बसतात.

मी फसले ती तिसऱ्याच प्रकारात. घरगुती इंकजेटचे ठिपकेही विखुरलेलेच असतात. ते बघून मी खूश झाले आणि 'लीबिग'चे सहाच्या सहा विकत घेतले. घरी आल्यावर पंखाचा बदामी भाग नीट पाहिला, तर तो निळ्या, गुलाबी आणि पिवळ्या कणांचा! शिळाछापात बदामीला बहुधा वेगळी शाई असते. इंकजेटची काळी रेषही कागदात किंचित फुटलेली दिसते. तेव्हा नुसती टिंबांची मांडणी बघून पैसे काढू नका, रंग कशाचा बनलाय तेही बघा.

विसाव्या शतकातल्या कार्डांना मात्र ही परीक्षा लावूच नका. शिस्तीतले ठिपके अस्सल कार्डांवरही सापडतात.

मग अंधारात टॉर्च. कागद निळसर-पांढरा झळकला तर त्यात १९५० च्या सुमारास वापरात आलेलं उजळवणारं रसायन आहे, म्हणजे लीबिगचं जुनं कार्ड बाद. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागदही इथे सहसा पकडला जातो. ब्रुक बाँडचं कार्ड झळकलं तर घाबरू नका, ते १९५० नंतरचंच आहे.