इंग्रजी लेखाचा सूर, विश्वासार्हता आणि युक्तिवाद कसा तपासावा

बारावीच्या किंवा बीएच्या मुलांना इंग्रजी उतारा दिला की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'द टोन इज क्रिटिकल.' कशावरून, ते पुढे येतच नाही. माझा आग्रह आहे की सूर सगळ्यात शेवटी बघावा. तो आधी मनात भरला की आपण लेखकाची बाजू घेऊन बसतो किंवा त्याच्यावर चिडतो, आणि युक्तिवाद तपासायचा राहून जातो.

सरावाला ओळखीचा विषय घ्या. नवी मुंबईतल्या नेरूळच्या फ्लेमिंगोंवर इंग्रजी वर्तमानपत्रांत बरंच छापून येतं. त्यातली बातमी नको, मत मांडणारा लेख निवडा आणि कापून वहीत चिकटवा.

लेख वाचून झाला की झाकून ठेवा आणि लेखकाचा दावा एका मराठी वाक्यात लिहा. त्याखाली त्याची कारणं. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशी अनुमानाची पाच अंगं आहेत. पहिली तीन, म्हणजे दावा, कारण आणि दाखला, शोधलीत तरी भागतं. समजा लेखक म्हणतो, तळी रिकामी दिसतात, म्हणजे पक्ष्यांना त्यांची गरज नाही. इथे थांबा. फ्लेमिंगो ओहोटीला खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीने चिखल बुडाला की नेरूळच्या तळ्यांवर विसाव्याला येतात. मग लेखक तिथे गेला कधी? ओहोटीला तळं रिकामं असणारच. हेतू खरा असूनही प्रतिज्ञा सिद्ध होत नाही. अशा जागी समासात प्रश्नचिन्ह घाला. उलट बाजूलाही हीच कसोटी: 'खाडीवर पूल झाला आणि पक्षी घटले' एवढ्यावरून ते पुलामुळेच घटले असं ठरत नाही. पावसाचं मान, कच्छमधल्या विणीच्या जागांची स्थिती हेही बघावं लागतं.

विश्वासार्हतेसाठी लिहिणारा कोण, आकडा कुठून आणला आणि विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडली का, एवढं पाहा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. नेरूळची तळी त्याच्या हद्दीबाहेर आहेत. कुणी 'नेरूळचं रामसर तळं' असं लिहिलं, तर त्याची बाकीची माहितीही पडताळून घ्या, मग तो तुमच्या मताचा का असेना.

आता सूर. विशेषणं सगळ्यांनाच दिसतात, मुलांच्या हातून निसटतात ती क्रियापदं. अधिकारी 'सेड' असेल तर सूर सपाट. 'क्लेम्ड' आलं की लेखकाला शंका आहे. 'अ‍ॅडमिटेड' आलं की अधिकाऱ्याने नाइलाजाने कबुली दिली असं वाटतं. अधिकाऱ्याचं बोलणं मात्र तिन्हीकडे तेच! 'द पाँड वॉज फिल्ड' यात भराव कुणी टाकला ते गायब आहे. असे कर्मणी प्रयोग अधोरेखित करा.

उत्तरात 'निगेटिव्ह', 'पॉझिटिव्ह' टाळा. स्केप्टिकल (साशंक), इंडिग्नंट (संतप्त), मेझर्ड (संयत) यांतला नेमका शब्द निवडा आणि पुरावा लगेच जोडा: 'द व्हर्ब क्लेम्ड मेक्स द रायटर साउंड स्केप्टिकल.' बारावीच्या व्ह्यू-काउंटरव्ह्यूसाठी, म्हणजे एका विषयाच्या दोन्ही बाजू मांडायच्या प्रश्नासाठी, विरुद्ध बाजूचा लेख समोरच्या पानावर चिकटवा आणि पहिल्या लेखातल्या प्रश्नचिन्हांना त्यात उत्तरं मिळतात का ते शोधा.