शॉकची स्प्रिंग मागवण्याआधी: वरची बघा, खालचीही बघा

जुन्या चावीच्या घड्याळात बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, खड्यावरची स्प्रिंग तुटली किंवा उडाली, की लगेच नवी मागवायची घाई होते. थांबा. (बॅलन्सच्या दांड्याचं टोक या खड्यात टेकतं; खडा आणि स्प्रिंग मिळून धक्का झेलतात, त्या रचनेला ‘शॉक’ म्हणतात.) भिंग, दोन बारीक चिमटे, झाकणाची डबी हे तुमच्याकडे असेलच.

आधी मशीनचा नंबर. मागचं झाकण उघडलं की कारखान्याची खूण आणि कॅलिबर नंबर (आतल्या मशीनच्या मॉडेलचा नंबर) प्लेटवर सापडतो, पुष्कळदा थेट बॅलन्सच्या चाकाखाली. झाकणावरचा नंबर हा नव्हे, तो केसचा. आणि डायलवर ‘इनकाब्लॉक’ (शॉकची एक जात) लिहिलंय म्हणून आत तेच असेल असं धरू नका. आपल्या बाजारातल्या जुन्या स्विस घड्याळांच्या कितीतरी डायली पुन्हा रंगवलेल्या असतात.

नंबर मिळाला तरी काम संपत नाही. एकच मशीन वेगवेगळ्या कंपन्यांना वेगवेगळं शॉक बसवून विकलं जायचं. ईटीए या स्विस कंपनीचं २८२४-२ मशीन घ्या: वरच्या दर्जाच्या मशीनला इनकाब्लॉक, साध्याला एटाशॉक किंवा नोव्होडियाक, याही शॉकच्याच जाती. म्हणून स्प्रिंगचा आकार डोळ्यांनी बघायलाच हवा. इनकाब्लॉक १९३४ पासूनचं, लायर या जुन्या ग्रीक तंतुवाद्याच्या आकाराची स्प्रिंग, एका बाजूला बिजागरी, दारासारखी उघडते आणि जागेवरच राहते. किफ ट्रायॉर या दुसऱ्या जातीच्या स्प्रिंगला तीन पाकळ्या असतात. ती फिरवून सोडवायची, आणि सुटली की पूर्ण हातात येते, म्हणून उडतेही तीच. एचएमटी ‘जनता’ असेल तर तिच्यात पॅराशॉक. बंगळूरचा कारखाना १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने उभा राहिला आणि ही पद्धतही सिटिझनचीच. तिथे इनकाब्लॉकची स्प्रिंग शोधण्यात वेळ घालवू नका. सेको असेल तर आणखी एक सावधगिरी: बॅलन्सवर असतं ते डायाशॉक. डायाफिक्स काटे चालवणाऱ्या दातेरी चाकांच्या खड्यांवर असतं आणि त्याचं काम तेल धरून ठेवायचं. दोन्ही स्प्रिंगा भिंगाखाली एकाच घरातल्या वाटतात, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

आता खालची बाजू. नेमकी हीच बघायची राहते आणि सगळं काम अडकतं, म्हणून सांगतोय: खालची बाजू बघा. बॅलन्सच्या दांड्याला दोन टोकं. वरचं टोक बॅलन्स कॉकमध्ये (बॅलन्सला वरून धरणाऱ्या पट्टीत), खालचं मुख्य प्लेटमध्ये, डायलच्या आड. दोन्हीकडे खडा, दोन्हीकडे स्प्रिंग. दोन्हींचं माप सारखं असेलच असं नाही. कॅटलॉगमध्ये वरची आणि खालची वेगळी दिलेली असते, ती उगाच नाही. काटे काढा, डायल काढा, तारखेचं घड्याळ असेल तर तारखेची चकतीही, आणि खालचं शॉक स्वतः बघा. तुटलेली वरचीच आहे, खालची धड आहे, असं वाटलं तरी बघा. जुन्या घड्याळात आधीच्या कुणी खाली भलतीच स्प्रिंग कोंबलेली असू शकते. मग तिच्याशी ताडून वरची मागवली की दोन्ही चुकतात.

तुटलेले तुकडे फेकू नका. एक पाय गेला असला तरी उरलेल्या भागावरून जात ओळखता येते. स्प्रिंग बसते त्या खाचेचा आतला व्यास मोजा, वरचा वेगळा, खालचा वेगळा, आणि बाजूला मोजपट्टी ठेवून दोन्हींचे फोटो काढा. डोळ्यांच्या अंदाजावर मागवू नका. दांड्याचं टोक साधारण ०.१ मिलिमीटर जाड. त्याला जपणारी स्प्रिंग ‘जवळपास बसते’ म्हणून चालत नाही. ढिली असेल तर धक्क्यानंतर खडा मध्यावर परतत नाही. जास्त ताठ असेल तर धक्का स्प्रिंगऐवजी टोक सोसतं आणि दांडा मोडतो. दांडा बदलणं हे स्प्रिंगपेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

मागवताना कॅलिबर, शॉकचं नाव, वरची की खालची, मापं, फोटो, सगळं एकत्र कळवा. दोन-दोन मागवा. ‘खालची’ हा शब्द लिहिलात ना?

बसवणं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून, स्प्रिंगवर लाकडी काडी टेकवून. खडा आधी स्वच्छ, मग घड्याळाच्या ९०१० नंबरच्या तेलाचा बारीक ठिपका. बॅलन्स मोकळा झुलतोय का ते घड्याळ डायल वर आणि डायल खाली, दोन्ही ठेवून बघा.