ब्रँडेड माल ऑनलाइन विकायचाय? आधी बिलांची फाइल काढा

दिवाळीचा सेल तोंडावर आला की इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात एक हंगामी जमात उगवते. मॉलच्या ऑफरमध्ये चार जोड बूट, दोन घड्याळं, एखादा ट्रिमर स्वस्तात उचलायचा आणि ऑनलाइन विकायचा. मी या मंडळींचं जीएसटीचं काम बघतो, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न मला पाठ झालाय: "दादा, कंपनीला न विचारता कंपनीचा माल विकला तर केस होईल का हो?"

माल अस्सल असेल तर नाही. ब्रँडचं नाव असलेली वस्तू एकदा बाजारात विक्रीला आली आणि तुम्ही ती रीतसर विकत घेतलीत, की पुढे ती विकणं म्हणजे ट्रेडमार्कचं उल्लंघन नव्हे, असं ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ चं कलम ३० सांगतं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ साली सॅमसंगच्या प्रिंटरच्या खटल्यात परदेशातून आणलेल्या अस्सल मालालाही हेच लावलं. अट अशी घातली की माल आयात केलेला आहे, कंपनीने पुरवलेला नाही आणि वॉरंटी-सर्व्हिस विकणाऱ्याची आहे, हे गिऱ्हाइकाला ठळकपणे दिसलं पाहिजे. तेव्हा घाबरायचं कारण नाही. मात्र "रीतसर घेतला" हे दाखवायची वेळ आली की दाखवायचं तुम्हालाच असतं, म्हणून तयारीची सुरुवात बिलापासून.

बिल घेतल्या घेतल्या त्याचा फोटो काढा. दुकानातलं ते गुळगुळीत थर्मल कागदाचं बिल पाकिटात दोन महिने राहिलं की कोरं होतं, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज पडते. बिलावरचा आर्टिकल नंबर आणि साइज खोक्यावरच्या लेबलशी जुळतो का ते काउंटरवरच बघा. जुळत नसेल तर तिथेच बदलून घ्या, घरी आल्यावर कोणी विचारत नाही. जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर घालायला सांगा. कॅशियरला कंटाळा येतो, मागे लाइन लागलेली असते, तरी सांगा. नंबर नसलेल्या बिलावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही आणि नफ्याचा मोठा तुकडा तिथेच जातो. मग महिन्याप्रमाणे फाइल लावा: बिल, पैसे दिल्याचा बँकेतला पुरावा, खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो, सीरियल नंबर.

एवढा अट्टहास कशाला, असं वाटेल. जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये किंवा कुठल्याही शहरातल्या तशा बाजारात अस्सल आणि "फर्स्ट कॉपी" शेजारी शेजारी मांडलेली असते, हे इंदूरकरांना सांगायला नको. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकला तर त्याच ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम १०४ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. त्याच कलमात सुटकेची वाटही आहे: आपण वाजवी काळजी घेतली होती, माल खोटा असल्याची शंका यायला कारण नव्हतं, आणि विचारल्यावर माल कोणाकडून घेतला त्याची सगळी माहिती दिली, हे सिद्ध करता आलं तर. ही सगळी माहिती असते कुठे? बिलावर. "ओळखीचा आहे, बिलाशिवाय देतो, जीएसटी वाचेल" म्हणणाऱ्याकडून घेतलेला माल अस्सल निघाला तरी माझ्या मते तो विकायच्या लायकीचा नाही.

आता माल स्वतः. कलम ३० चंच पुढचं पोटकलम म्हणतं की बाजारात आल्यावर मालाची अवस्था बदलली किंवा बिघडली असेल, तर ब्रँडचा मालक पुढच्या विक्रीला हरकत घेऊ शकतो. म्हणून खोकं बदलू नका, सीरियल नंबर खरवडू नका, दोन वस्तू एकत्र बांधून नवा "कॉम्बो" ब्रँडच्या नावावर खपवू नका. सील फोडून बघितलं असेल तर "ओपन बॉक्स" असं स्पष्ट लिहा. वॉरंटी बहुधा पहिल्या बिलाच्या तारखेपासून मोजली जाते. चार महिने माल कपाटात पडून असेल तर तेवढी वॉरंटी खर्ची पडली हे गिऱ्हाइकाला आधी सांगा, नाहीतर तो नंतर ऐकवतोच.

खोक्यावरचं लेबल नीट वाचा. एमआरपी, बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, वस्तू कुठल्या देशातली, नग किती, तक्रारीसाठी फोन. हेच तपशील ऑनलाइन लिस्टिंगवरही दिसायला हवेत. पॅकिंगचा महिना-वर्ष तेवढा तिथे नसला तरी चालतो. आणि एमआरपी. लिमिटेड एडिशनचे बूट दुप्पट भावाने विकायची स्वप्नं इथे विरतात, कारण पॅकबंद वस्तू छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकायला २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांत सरळ मनाई आहे, आणि ती नुसत्या दुकानदाराला नाही, कोणालाही आहे. "पण सगळे विकतात" हे उत्तर वजन-मापवाल्या इन्स्पेक्टरला देऊन बघा!

लिस्टिंग लिहिताना ब्रँडचं नाव वस्तू ओळखू येण्यापुरतं वापरा. दुकानाच्या नावात ते नको, लोगो प्रोफाइलवर नको, "ऑथराइज्ड डीलर" तर नकोच. फोटो स्वतः काढा. कंपनीच्या साइटवरून उचललेला फोटो हा कॉपीराइटचा वेगळा गुन्हा आहे, आणि माल अगदी खरा असूनही लिस्टिंग उडतं ते पुष्कळदा या फोटोपायीच. खिडकीजवळ पांढरी चादर अंथरली की काम भागतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ खातो तो पत्ता. रामबागेतल्या जुन्या घरांचे कागद अजून आजोबांच्या नावावर असतात. जीएसटी नोंदणीला लाइट बिल किंवा मालमत्ता कराची पावती आणि ज्याच्या नावावर घर त्याचं संमतीपत्र लागतं. काका पुण्यात आणि आत्या अमेरिकेत असेल तर ही जुळवाजुळव दसऱ्याआधीच उरकून घ्या. गुमास्ता (दुकानाची नोंदणी) आणि उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी त्या मानाने सोपी. बँकेत चालू खातं वेगळं ठेवा.

"माझी विक्री चाळीस लाखांच्या आत, मला जीएसटी कशाला?" हेही नेहमीचं. माल फक्त मध्य प्रदेशातच विकणार असाल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या प्लॅटफॉर्मवरही नोंदणीशिवाय विकता येतं, नुसता एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. पण आपलं गिऱ्हाईक असतं पुण्यात, नागपुरात, ठाण्यातल्या मावसबहिणीच्या सोसायटीत. परराज्यात एक पार्सल जरी विकलं तरी नोंदणी लागते, मग ते इन्स्टाग्रामवरून का असेना. बुटांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडी अडीच हजारांपर्यंत असेल तर ५ टक्के, वर १८ टक्के. प्लॅटफॉर्म अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या पैशातून आधीच कर, कापतो, तो रिटर्नमध्ये वसूल करायला विसरू नका. घरात आलेलं एखादं जादा घड्याळ एकदाच विकणाऱ्याला मात्र २०२० चे ई-कॉमर्स ग्राहक नियम लागत नाहीत. नियमितपणे, धंदा म्हणून करणाऱ्याला लागतात. त्याने तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यायची, महिन्याभरात ती सोडवायची, आणि चुकीचा किंवा खराब माल परत घ्यायला नाही म्हणायचं नाही.

कायद्याने विकता येणं वेगळं आणि प्लॅटफॉर्मने विकू देणं वेगळं. मोठ्या साइट काही ब्रँडसाठी कंपनीचं पत्र किंवा वितरकाचं बिल मागतात. मॉलचं किरकोळ बिल तिथे चालेलच असं नाही. तो त्यांचा करार आहे, त्यावर कलम ३० वाचून दाखवण्यात अर्थ नाही. म्हणून माल उचलण्याआधी सेलर खात्यात तो ब्रँड तुम्हाला विकायला खुला आहे का ते तपासा. हे न करता पन्नास जोड घेणाऱ्याचे बूट पुढे साऱ्या नातेवाइकांच्या पायात दिसतात.

काही वस्तूंना हातच लावू नका. महूच्या लष्करी कॅन्टीनमधून कोणाच्या कार्डावर आणलेला माल पहिला. तो कार्डधारकाच्या वापरासाठी असतो, बाहेर विकायला बंदी आहे. अत्तराचे टेस्टर आणि "नॉट फॉर सेल" लिहिलेले नमुने कंपनीने मुळात विकायला काढलेलेच नसतात, तेव्हा कलम ३० चा बचाव तिथे लंगडा पडतो. खेळण्यांवर आयएसआय मार्क २०२१ पासून सक्तीचा आहे. औषधांना परवाना लागतो, खाण्याच्या वस्तूंना एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना. मावशीने दुबईहून आणलेली क्रीम मावशीलाच लावू द्या. आयात कॉस्मेटिकलाही नोंदणी लागते.

इतकं करूनही एखाद्या वकिलाची नोटीस येऊ शकते, किंवा एका सकाळी लिस्टिंग गायब दिसतं. तक्रार आली की प्लॅटफॉर्म आधी लिस्टिंग काढतो आणि मग विचारतो. लगेच फोन करून माफी मागू नका, आणि नोटीस ड्रॉवरमध्येही टाकू नका. आधी बघा आरोप कशाचा: नकली माल, फोटो, की नुसतं "आमच्या परवानगीशिवाय"? फोटोचा असेल तर फोटो बदलून टाका, वाद घालू नका. नुसत्या परवानगीचा असेल तर बिलाची प्रत, खोक्याचे फोटो आणि कलम ३० चा उल्लेख असं एक पानी उत्तर मुदतीत द्या. नकली मालाचा आरोप असेल तर त्या लॉटची विक्री त्या दिवशीच थांबवा, उरलेले नग आणि पुरवठादाराची बिलं बाजूला काढा आणि वकिलाकडे जा. जाताना मोबाइलमधले फोटो दाखवत बसण्यापेक्षा छापलेली फाइल न्या.