पावलं वाढवायचीत? मग या चुका टाळा

फोनमध्ये पावलं मोजायला लागले, त्या पहिल्या रात्री आकडा दिसला २,९००. सहा-सात हजार तरी सहज झाले असतील अशी माझी खात्री होती, कारण दिवसभर दगदग भरपूर झाली होती. दगदग वेगळी आणि चालणं वेगळं, हे तेव्हा कळलं. दमलो म्हणजे चाललो असं आपण धरून चालतो. ही पहिली चूक, आणि बहुतेकांची इथेच होते. म्हणून आधी आठवडाभर काहीही न बदलता नुसतं मोजा. सात दिवसांची बेरीज करून सातने भागा. जो आकडा येईल तो कितीही लाजिरवाणा असला तरी सुरुवात तिथूनच करायची.

मी तसं केलं नाही. दुसऱ्याच दिवशी दहा हजारांवर उडी मारली. पाचव्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेतून कळ आली. पुढचे दोन आठवडे जेमतेम हजार-दीड हजार पावलं. नव्याचे नऊ दिवससुद्धा भरले नाहीत.

दहा हजारांचं भूत

हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याचं वारं होतं. त्यातच १९६५मध्ये कमरेला लावायचं एक पावलं मोजणारं यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा, म्हणून चिकटला तो चिकटलाच. पुढे २०१९मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या अमेरिकन स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं. फायदा साधारण ७,५०० पावलांपर्यंत वाढत गेला आणि मग स्थिरावला. तरुणांसाठी ही पातळी थोडी वर असते. पण मुद्दा असा की जो तीन हजारांवर आहे, त्याच्यासाठी पुढची दीड हजार पावलं सगळ्यात मोलाची. दहा हजार जमत नाहीत म्हणून तीच सोडून देणं हा खरा तोटा.

एका आठवड्याला पाचशे ते हजार पावलं वाढवा. दुखलं तर पुढच्या आठवड्यात वाढवू नका, आहे तिथेच थांबा.

‘वेळ काढून चालेन’

सगळ्यात जास्त संकल्प या वाक्यावर बुडतात. संध्याकाळच्या एका फेरीत चार हजार पावलं उरकायची असं ठरवलं, की त्या संध्याकाळी पाऊस, पाहुणे, लांबलेली मीटिंग, काहीही आलं तरी खातं शून्यावर. हीच चार हजार पावलं दिवसभर विखुरलेली असतील तर एखादा तुकडा बुडाला तरी बाकीचे उरतात. ‘सलग दहा मिनिटं चाललात तरच उपयोग’ ही अट जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत ठेवलेली नाही. थोडं थोडं चाललेलंही धरलं जातं.

मग तुकडे शोधायचे कुठे? माझा सगळ्यात मोठा तुकडा फोनचा. घराच्या दारापासून मागच्या खिडकीपर्यंत माझी चौदा पावलं होतात. आठ मिनिटांच्या एका फोनमध्ये रमतगमत पस्तीस खेपा, म्हणजे जवळपास पाचशे पावलं. दिवसात असे तीन-चार फोन सहज होतात. फक्त एक करावं लागलं: फोन वाजला की आधी उठायचं, मग घ्यायचा. बसून घेतला तर पुढे उठणं होत नाही, हे मी स्वतःवर ताडून पाहिलंय. आणि चालता चालता स्क्रीनवर काही वाचायचं नाही. कपाटाचा कोपरा कपाळावर खाऊन झालाय.

दुसरी चूक जरा गमतीची आहे, कारण ती आपल्याला गुण वाटते: ‘एका खेपेत काम’. वरच्या मजल्यावर न्यायच्या वस्तू जिन्याच्या पायथ्याशी साठवायच्या आणि एकदाच न्यायच्या. वाळलेले कपडे हनुवटीपर्यंत रचून एकाच फेरीत आणायचे. पाण्याची दोन लिटरची बाटली भरून टेबलावर ठेवायची, म्हणजे दिवसभर उठायला नको. चालणं वाढवायचं असेल तर हा टापटीपपणा थोडा बिघडवावा लागतो. बाटली लहान घ्या. कचऱ्याचा डबा टेबलाखालून काढून दाराजवळ ठेवा. चार्जर दुसऱ्या खोलीत लावा. कपडे दोन खेपांत आणा. घरच्यांना तुम्ही विसरभोळे झालात असं वाटेल, वाटू द्या.

लंडनच्या दुमजली बसवरचा, संशोधक जेरी मॉरिस यांचा १९५३चा अभ्यास इथे आठवतो. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा वर-खाली जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. त्यातले कंडक्टर व्यायामाला वेळ काढत नव्हते, त्यांचं कामच त्यांना चालवत होतं. (मॉरिस यांनी नंतर गणवेशांची मापंही तपासली. ड्रायव्हरांच्या पँटा कमरेला आधीपासूनच मोठ्या निघाल्या, तेव्हा सगळं श्रेय जिन्यांना देता येत नाही. तरी दिशा तीच.)

चाललो, पण आकडा हललाच नाही

अशा वेळी आधी फोन कुठे होता ते आठवा. टेबलावर चार्जिंगला लावलेला फोन तुमची पावलं मोजणार नाही. घरातल्या घरात फिरताना हे हमखास होतं. मनगटावरचं घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतं. त्यामुळे बाबागाडी किंवा ट्रॉली ढकलताना, हात खिशात असताना पावलं गळतात. उलट हातांची कामं करताना काही वेळा फुकटची पावलं जमा होतात. उपाय साधा आहे: ट्रॉली ढकलताना फोन पँटच्या खिशात ठेवा. आणि एक आठवडा फोनचा आकडा, दुसऱ्या आठवड्यात घड्याळाचा, अशी तुलना करू नका. नवऱ्याच्या घड्याळाशी तर मुळीच नको.

जिन्याचा हिशेबही फसवा आहे. वीस पायऱ्या चढलात तर वीसच पावलं दिसतात, पण दम किती लागला हे आकड्यात येत नाही. म्हणून ‘जिन्याने फारशी पावलं होत नाहीत’ असं म्हणून लिफ्ट धरू नका. गुडघे कुरकुरत असतील तर चढताना जिना, उतरताना लिफ्ट.

वेगाबद्दल थोडक्यात. दिवसभरातली सगळी पावलं घरातल्या संथ खेपांची असतील तर त्यात कुठेतरी दहा-पंधरा मिनिटं भरभर चालणं घाला. भरभर म्हणजे मिनिटाला साधारण शंभर पावलं. पंधरा सेकंदांत पंचवीस होतात का ते मोजून बघा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, असा वेग हवा.

सकाळी चांगलं तासभर चालून मग संध्याकाळपर्यंत खुर्ची न सोडणारेही पुष्कळ. त्यांचा आकडा छान दिसतो, पण सलग बसून राहण्याचा त्रास आकड्यामागे लपतो. दर अर्ध्या-पाऊण तासाला उठून दोन मिनिटं फिरलं तरी पुरे.

चालताना छातीत दुखलं, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, किंवा पोटरी ठरावीक अंतरावर आखडून थांबल्यावर मोकळी होत असेल, तर पावलं वाढवायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असून तळपायाला बधिरपणा असेल तर रोज रात्री तळवे बघायचे, फोड आलेला कळत नाही.

उरली रात्री अकराची कसरत. आकडा ६,२०० आणि ठरवलेले ७,०००, म्हणून झोपायच्या वेळी पलंगाभोवती प्रदक्षिणा. मीही घातल्यात. आता रोजचा आकडा बघणं सोडलंय. रविवारी रात्री सात दिवसांची सरासरी काढून कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिते. चुकलेली पावलं दुसऱ्या दिवशी दुपटीने भरायला गेलं की टाच आठवण करून देते. गेल्या आठवड्याची सरासरी ६,८०० आहे, आणि त्यातले दोन दिवस चार हजारांच्या खालचे.