मोठं पाप की लहान? पापनिवेदनाआधी या चुका टाळा

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते. पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करून क्षमा मागण्याच्या कॅथलिक संस्काराच्या, रांगेत कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली ‘मोठ्या पापांची यादी’ असतेच. माणूस भराभर बोट फिरवतो, आपलं पाप त्यात दिसलं नाही की निर्धास्त होतो. ती यादी आधी पुसून टाका. यादीत फक्त कृत्यं असतात, आणि पाप मरणकारक (मोठं, देवाशी नातं तोडणारं) की क्षम्य (लहान, ते नातं न तोडणारं) हे नुसत्या कृत्यावरून ठरत नाही.

मरणकारक पापाला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि विचारपूर्वक, स्वखुशीनं दिलेली संमती हवी. बाब गंभीर आहे का, हे पाहायला बायबलमधल्या दहा आज्ञा आहेत. जाणीव किंवा संमती अपुरी असेल तर गंभीर बाबीतलं पापही क्षम्य ठरतं. १९९२ सालच्या ‘कॅथलिक धर्मशिकवण’ या चर्चच्या अधिकृत ग्रंथात १८५७ ते १८६२ या परिच्छेदांत हे सगळं आहे. वाचायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढाही धीर नसतो. फॉरवर्ड केलेली यादी मात्र पाठ असते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रक्कम बघून पाप मोजण्यात. निफाडकडचा एखादा द्राक्ष बागायतदार धरा. तोडणीला पेठ-सुरगाण्याहून वीस मजूर आलेत. हा मुकादमाला सांगून प्रत्येकाच्या रोजातून वीस रुपये कापतो. साठ दिवस. पापनिवेदनात म्हणतो, ‘फादर, थोडी बेइमानी झाली,’ आणि ते लहान पापांत ढकलून मोकळा होतो. आता हिशेब करा: रोजचे चारशे, हंगामाचे चोवीस हजार. ठरवून थोडं थोडं घेतलं म्हणजे साठ किरकोळ चोऱ्या होत नाहीत. ती एकच चोरी, फक्त हप्त्यानं केलेली. शिवाय नुकसान मोजायचं ते ज्याचं गेलं त्याच्या परिस्थितीवरून. बागायतदाराला वीस रुपये म्हणजे एक चहा, मजुराच्या घरी ते तेल-मिठाचे पैसे. आणि बाब मजुरीची आहे. कष्टकऱ्याची मजुरी मारणं हे पाप स्वर्गाकडे आक्रोश करतं, असं धर्मशिकवण सांगते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे.

इथं नुसतं ‘चुकलो’ म्हणून भागत नाही. पैसे परत करायची तयारी नसेल तर पश्चात्तापच खोटा. मजूर गावी गेले असतील तर मुकादमाकडून पत्ता काढून पाठवा. खरोखरच कुणाचा माग लागत नसेल, तर त्याचा वाटा गरिबांना द्या. माणूस माहीत असताना चर्चच्या दानपेटीत नोट टाकणं ही पळवाट झाली.

याचा उलटा गैरसमजही आहे: शंभर लहान पापं मिळून एक मोठं होतं. होत नाही. चोरीत बेरीज होते कारण चोरलेला मालच साठत जातो. चिडचिड, फुशारकी, किरकोळ थापा यांची अशी बेरीज नसते. मात्र लहान पापांची सवय मोठ्या पापाकडे उतार करून देते, हे खरं.

दुसरा घोळ रविवारच्या मिस्साचा, म्हणजे चर्चमधल्या सक्तीच्या उपासनेचा. बाळाला ताप होता, आई आजारी होती, सातपूरच्या कंपनीत सुटी मिळाली नाही, म्हणून मिस्सा चुकली, तर ते पापच नाही. तरी लोक ते रडवेले होऊन सांगतात. आणि शनिवारी रात्री दोनपर्यंत जागून, ‘उठलो तर जाऊ’ म्हणत मुद्दाम गजर न लावणारा मात्र म्हणतो, ‘झोप लागली, माझा काय दोष?’ झोपेत संमती नसते, मान्य. त्यानं ती शनिवारी रात्रीच दिली होती. तसंच ‘विचारलंच नाही, मग मला कुठं माहीत होतं?’ हेही. मुद्दाम ओढवून घेतलेलं अज्ञान दोष कमी करत नाही, वाढवतं.

मनात वाईट विचार आला, तो ढकलून दिला: पाप नाही. भीती, दबाव, जडलेलं व्यसन यांनी दोष कमी होऊ शकतो, पण ही सूट स्वतःची स्वतःला देऊ नका; फादरांना सांगा, ते ठरवतील. सतत शंकेनं पोखरलेल्यांसाठी जुन्या धर्मगुरूंचा नियम चांगला: संमती दिलीच होती असं शपथेवर सांगता येत नसेल, तर दिली नव्हती असं धरा. संत अल्फोन्सस लिगोरी नीतिशास्त्राचे एवढे मोठे जाणकार, पण अशा शंकांनी तेही छळले गेले होते. अशा माणसानं एकाच फादरांकडे जावं. तीन चर्चमध्ये तेच पाप सांगत फिरू नये.

गर्व, लोभ वगैरे सात प्रमुख पापं म्हणजे इतर पापांची मुळं. ती सातही दरवेळी मरणकारक असतात असं नाही.

मरणकारक पाप सांगताना प्रकार आणि संख्या दोन्ही सांगा. ‘सगळंच चुकलं, फादर’ चालत नाही. ‘वर्षभर, महिन्यातून साधारण दोनदा’ चालतं. विसरलेल्या पापाचीही क्षमा झालेली असते, पुढच्या वेळी ते सांगा. जाणूनबुजून लपवलं तर ते पापनिवेदन वाया गेलं. ते सगळं पुन्हा सांगायचं, लपवल्याचंही.

मरणकारक पापाची जाणीव असेल तर पापनिवेदन केल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घेऊ नका. शेजारची काकू काय म्हणेल म्हणून रांगेत उभं राहू नका. घरी नवऱ्यावर खेकसल्यामुळे प्रसाद टाळणं ही मात्र दुसऱ्या टोकाची चूक. क्षम्य पापं त्या प्रसादानंच धुतली जातात.

आदल्या रात्री एक कागद घ्या, तीन रकाने आखा: बाब, जाणीव, संमती. प्रत्येक पापापुढे हो-नाही लिहा, शेवटी किती वेळा ते. जिथं अडाल तिथं प्रश्नचिन्ह टाका आणि तेच फादरांना विचारा. शेजाऱ्याचं पाप या कागदावर आणू नका; त्याचा पहिला रकाना दिसतो, पुढचे दोन दिसत नाहीत. आणि पापनिवेदन झालं की कागद तिथंच फाडून टाका, घरी धुवायच्या शर्टाच्या खिशात राहू देऊ नका.